चन्नूअण्णांचं भ्या

चन्नूअण्णा जिना उलटा उतरतात. तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे, डावा हात कठड्यावर आणि नजर दाराच्या कुलपावर. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे, खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं त्यांचं दुकान आणि शेजारी आम्ही. सतरा पायऱ्या ते असे मागं मागं येतात. कुलूप दिसेनासं झालं की मगच वळतात.

"अण्णा, एखाद्या दिवशी पडाल की," मी एकदा म्हणालो.

"पडलो तर मलाच लागंल. समजा, मी वळलो आनि त्येवढ्यात कुलूप निघालं तर?"

"कुलूप आपोआप कसं निघेल?"

"समजा म्हनलं की मी."

या 'समजा'वर अण्णांचं सगळं आयुष्य चाललेलं आहे. लग्नाला गेले की ते कार्यालयाच्या दाराजवळची खुर्ची धरतात, कारण समजा मांडवानं पेट घेतला. केळं खाताना ते दोन भाग करून बघतात. दुकानात गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की आधी हात झटकून मशीनमध्ये करंट उतरलाय का ते बोटाच्या मागच्या बाजूनं तपासतात. मशीन पायानं चालवायचं असलं तरी. एकदा अक्कलकोटच्या खासगी बसमध्ये ते संकटकाळी उघडायच्या खिडकीशेजारी बसले आणि समजा वेळेला उघडलीच नाही तर, म्हणून त्यांनी दांडा ओढून बघितला. खिडकी उघडली. पूर्ण उघडली, आणि वळसंगच्या अलीकडे रस्त्यावर पडली. उरलेला प्रवास अण्णांनी ती खिडकी मांडीवर घेऊन केला. वर मला म्हणाले, "चालतिया, मास्तर. खिडकी चांगली हाय."

मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून मास्तर.

अण्णांनी लग्न केलं नाही. त्यांची थोरली बहीण तरुणपणीच विधवा होऊन लहान मुलाला घेऊन भावाकडे आली आणि तिनं तीस वर्षं ते घर सांभाळलं. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अण्णा खालून 'अक्का' अशी हाक मारायचे आणि वरून कानडीतून उत्तर यायचं. हे दिवसातून वीस वेळा तरी चालायचं. मुलगा शिकला, हुबळीला नोकरीला लागला, घर बांधलं आणि आईला घेऊन गेला. यात कुणाचं काही चुकलं नाही. जाताना अक्का आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "चन्नूकडं लक्ष ठेवा," म्हणाली. आम्ही म्हणालो, ठेवतो की.

त्यानंतर सहा महिन्यांत अण्णांनी पासपोर्ट काढला.

गल्लीला वाटलं, हुबळी हा परदेश आहे असा त्यांचा समज झालाय. पण अण्णा खरोखर श्रीलंकेला गेले. एकटे. सगळ्यांत स्वस्त तिकीट, सगळ्यांत स्वस्त लॉज, पिशवीत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि नायलॉनची पंधरा हात दोरी. दोरी कशाला, तर समजा. बनियनला आतून चार खिसे त्यांनी स्वतः शिवले आणि प्रत्येकात एक चिठ्ठी घातली. मराठी, कानडी, हिंदी आणि इंग्रजी. माझं नाव अमुक, गाव सोलापूर, मी हरवलेला असल्यास कृपया कळवा.

आणि ते हरवले. चुकीच्या बसमध्ये बसून एका कोळ्यांच्या वस्तीत जाऊन उतरले. तिथल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना घरी नेलं, नारळ घातलेला भात वाढला आणि दुसऱ्या दिवशी सायकलच्या मागं बसवून बसथांब्यावर आणून सोडलं. पुढच्या वर्षी व्हिएतनाममध्ये त्यांची बॅग एका बसनं गेली आणि ते दुसऱ्या. शेवया विकणाऱ्या एका बाईनं त्यांना दिवसभर आपल्या छत्रीखाली स्टुलावर बसवून ठेवलं, बॅग परत येईपर्यंत. एकमेकांचा एक शब्द दोघांना कळत नव्हता. "मी रडत व्हतो, मास्तर," अण्णा सांगायचे. "ती बाई माझ्या पाटीवरनं हात फिरवायची आनि शेवया इकायची. परत हात फिरवायची." हे सांगताना त्यांचा चेहरा मात्र जत्रेहून आल्यासारखा दिसायचा.

"टूर कंपनीबरोबर जा की," आम्ही म्हणायचो. "सगळं ठरलेलं असतं. घाबरायचं काम नाही."

"त्येच की," अण्णा म्हणायचे आणि विषय बदलायचे. आम्हाला वाटायचं, कंजूषपणा. गल्लीत हसायला एक विषय झाला होता, आणि हसणाऱ्यांत मी पुढे होतो.

मलाही परदेश एकदा बघायचा होता. समरकंदच्या निळ्या फरशीकामाची चित्रं मी वर्षानुवर्षं मुलांकडून काढून घेत आलो होतो. टूरवाल्यांचे आकडे ऐकून गप्प बसलो होतो. अण्णा म्हणाले, "माझ्यासंगं ये. उझबेकिस्तान. दिवाळीच्या सुट्टीत सस्तं असतंय." सस्तं का असतं, ते तिथं गेल्यावर कळलं. थंडी. मी सोलापूरचा स्वेटर घेऊन गेलो होतो. तो आपल्याकडे सकाळी दूध आणायला पुरतो.

ताश्कंदला उतरून आम्ही लॉजच्या पत्त्यावर गेलो तर तिथं बायकांचं केस कापायचं दुकान. मालकीणबाईंना आम्ही फोनवरचं बुकिंग दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि अण्णांना खुर्ची दिली. अण्णा दमून बसले. ती केस कापायची खुर्ची होती. बाईंनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि अण्णांचे कान पांढरे पडले. "मास्तर, कात्री हाय तिच्या हातात. हलू का नको?" मी म्हणालो, हलू नका. केस कापून झाल्यावर बाईंनी आम्हाला चहा दिला, चार ठिकाणी फोन केले, आणि दोन गल्ल्या पलीकडच्या खऱ्या लॉजपर्यंत स्वतः चालत आल्या. केसांबद्दल काही घेतलं नाही. अण्णा तरुण दिसत होते.

समरकंद बघितलं. निळ्या घुमटांखाली मी तासभर नुसता उभा होतो आणि अण्णा, समजा वरून एखादी फरशी सुटली तर, म्हणून बाहेर. मग मला डोंगरापलीकडचं एक जुनं गाव बघायचं होतं. वाटेत घाट होता. सकाळी टॅक्सीच्या अड्ड्यावर गेलो तर ढगांकडे बोट दाखवून सगळे नको म्हणत होते. एक म्हातारा तेवढा तयार झाला, आणि तेही कमी पैशात.

"मास्तर, समजा बर्फ पडला," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुमचं समजा इथं तरी ठेवा बाजूला," मी म्हणालो, आणि हसत त्यांना गाडीत बसवलं. पुढचं जे झालं ते माझ्या या वाक्यामुळे झालं.

अर्ध्या घाटात बर्फ सुरू झाला. मोठा रस्ता पुढे अडला होता म्हणून म्हाताऱ्यानं गाडी एका कच्च्या रस्त्यावर घातली. दोन वळणांनंतर मागची चाकं सरकली. काही आवाज नाही, धक्का नाही. गाडी नुसती हळूच बाजूला गेली, जशी म्हैस बाजूला होते, आणि थांबली. माझ्या बाजूच्या खिडकीतून खाली बघितलं तर जमीन दिसली नाही. पांढरं धुकं होतं आणि त्यात खाली कुठंतरी पाणी वाहत होतं. म्हातारा पुढच्या दारानं हळूच उतरला, आम्हाला हातानं 'बसा, हलू नका' असं सांगितलं, आणि मदत आणायला गेला. दहा पावलांवर तो दिसेनासा झाला.

फोनला रेंज नव्हती. गाडी मधूनच कुरकुरायची. मी घड्याळात बघितलं, दुपारचे बारा. परत बघितलं, बारा वाजून दोन मिनिटं. आणि मग माझ्या छातीत काहीतरी आवळलं. श्वास पुरेना. हातांना मुंग्या आल्या, बोटं आपोआप वाकडी व्हायला लागली. मला वाटलं, संपलं. दोन मुली, बायको, शाळा, सगळं सोलापुरात आहे आणि मी इथं एका कुरकुरणाऱ्या गाडीत मरतोय, आणि मेल्यावर ही गाडी खाली जाणार आहे.

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांचा आवाज दुकानात मशीन उघडताना असतो तसा होता.

"मुंग्या एका हाताला हायेत का दोन्ही?"

"दोन्ही."

"बोटं वाकडी व्हायलीत? व्हटाभवती गार वाटतंय?"

"व्हय."

"मग हे हार्ट न्हवं. हे भ्या हाय. मला चाळीस वर्सं हाय. ह्येनं मानूस मरत न्हाय, मी बघितलंय मरून." त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तेलाचा वास येणारे, खरखरीत हात. "आता माझ्या मागनं म्हन. सुई."

"अण्णा..."

"सुई म्हन."

"सुई."

"सुईचा दांडा. दाबपट्टी. दाबपट्टीचा इस्क्रू. दातरी. शटल. बॉबिन. बॉबिनचं घर."

मी म्हणत गेलो. मशीनचे सगळे भाग वरून खाली, मग खालून वर. तिसऱ्यांदा बॉबिनपर्यंत आलो तेव्हा श्वास खाली उतरला होता.

"अक्का म्हनायला लावायची मला," अण्णा म्हणाले. "तिला नावं ठाऊक न्हवती. मी चुकलो तरी बरोबर म्हनायची."

मग त्यांनी ती नायलॉनची दोरी काढली. वरच्या बाजूचं दार हळूच उघडून ते आधी उतरले, दोरीचं एक टोक रस्त्याकडेच्या झाडाला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला, आणि मला इंच इंच ओढून बाहेर घेतलं. मी बाहेर आल्यावर ते बर्फातच खाली बसले. आम्ही झाडाला टेकून, अण्णांच्या पिशवीतल्या एकाच चादरीत बसून राहिलो. धुक्यात झाडाच्या पलीकडे जग संपलं होतं. लांडग्यांचा विचार माझ्या मनात आला होता, पण मी बोललो नाही. अण्णांच्याही मनात आला असणार, कारण तेही बोलले नाहीत.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग धुक्यातून एका बाईचा आवाज आला.

"अका! अका!"

अण्णा ताडकन उठले. मी त्यांचा चेहरा तसा कधी बघितला नव्हता. "अक्का?" ते म्हणाले, अगदी हळू, आणि आवाजाच्या दिशेनं चालायला लागले. दोरी माझ्या कमरेला होती म्हणून बरं, तिचं झाडाला बांधलेलं टोक सोडून मी त्यांच्या हातात कोंबलं.

आली ती पन्नाशीची एक उझबेक बाई, अंगात जाड गोधडीचा कोट, डोक्याला रुमाल, दोन दात सोन्याचे. म्हाताऱ्या ड्रायव्हरनं वस्तीवर जाऊन सांगितलं होतं आणि ही सगळ्यांच्या पुढे निघून आली होती. तिच्या भाषेत थोरल्या भावाला 'अका' म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी अण्णा नुसते तिच्याकडे बघत उभे राहिले. तिनं त्यांच्या टोपीवरचा बर्फ झटकला आणि त्यांचा हात धरला. ओळख नाही, देख नाही. लहान पोराला जत्रेतून घेऊन यावं तसं तिनं त्यांना हाताला धरून डोंगर उतरवला. मागून मी, दोरीला.

तिचं नाव हलीमा. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक शेगडी. तिनं आमचे पाय गरम पाण्यात घातले, चहा दिला, रोटी दिली. रोटीला ते 'नोन' म्हणतात. अण्णांना सोलापुरी उर्दू येते, दुकानात अर्धं गिऱ्हाईक मोमीनपुऱ्याकडचं. त्यांनी एकेक शब्द टाकून बघायला सुरुवात केली. दरवाजा? तिकडे दर्वोझा. दुकान? दुकोन. दोस्त? दोस्तच. मेहमान म्हटल्यावर हलीमानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि आमच्या बशीत आणखी जर्दाळू ओतले. अण्णांनी तिला शेंगा चटणी दिली. ती खाऊन ती बराच वेळ खोकली आणि मग आणखी मागितली.

संध्याकाळ व्हायच्या आत तिची सून आली. ती शाळेत इंग्रजी शिकलेली. म्हणाली, तुमच्या घरी कळवू, काळजीत असतील. अण्णांनी बनियनच्या खिशातली इंग्रजी चिठ्ठी काढून दिली. वस्तीवर रेंज होती. सुनेनं चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेला नंबर आपल्या फोनवर लावला. सगळे गप्प बसून ऐकत होते.

माझ्या खिशातला फोन वाजला.

आधी कुणाला काही कळेना. मग हलीमा हसायला लागली, सून हसली, म्हातारा ड्रायव्हर गुडघ्यावर थापा मारून हसला. अण्णाही हसले. मी फोन हातात धरून होतो. हुबळीचा नंबर नव्हता चिठ्ठीत. मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "अक्काला कळलं तर तिचं बीपी वाढंल. मग उरलं कोन?" आणि जर्दाळू खायला लागले. चारही खिशांत माझाच नंबर होता. आधीच्या प्रवासांतही तोच होता. मला कधी सांगितलं नव्हतं.

घाट दोन दिवस बंद राहिला. त्या दोन दिवसांत अण्णांनी हलीमाचं काळं हातमशीन दुरुस्त केलं. त्यांचा स्क्रूड्रायव्हर विमानतळावरच काढून घेतला होता, म्हणून चाकूच्या टोकानं. शटलखाली दोऱ्याचा गच्च गुंता बसला होता. शेजारच्या घरांतून आणखी तीन मशीनं आली. अण्णा शेगडीजवळ मांडी घालून काम करत होते आणि बायका भोवती बसून गप्पा मारत होत्या. मधूनच कुणीतरी 'अका' म्हणायचं आणि अण्णा मान वर करायचे. प्रत्येक वेळी तितक्याच लगबगीनं. निघताना हलीमानं त्यांच्या डोक्यावर एक लोकरीची टोपी चढवली आणि ती कानांपर्यंत ओढली. अण्णा लॉरीत बसल्यावर वळण येईपर्यंत मागं बघत होते.

सोलापूरला परतल्यावर मी गल्लीत हा किस्सा सांगितला नाही. सांगायला बसलो की गाडी कुरकुरल्यासारखी वाटायची.

डिसेंबरात एका दुपारी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. अण्णा एका मशीनला तेल देत होते. मी विचारलं, "अण्णा, एवढं भ्या वाटतं, तर जाता कशाला?"

त्यांनी जास्तीचं तेल फडक्यानं पुसलं.

"मास्तर, भ्या हितं पन वाटतंयच की. रोज वाटतंय. अक्का व्हती तवर हाक मारायचो, ती पीठाच्या हातानं यायची. आता कोनाला हाक मारू? चौसष्ट वर्साच्या मानसानं उगं हाक मारली तर लोक हसत्याल." त्यांनी चाक एकदा फिरवून बघितलं. "तितं तसं न्हाय. रस्ता चुकला, बॅग गेली, भाषा कळंना, म्हंजे भ्यायला कारन असतंय. रस्त्यात हुभं राहून रडलं तरी चालतंय. आनि कोनतरी येतंय. पाच वर्सं झाली, मास्तर. हरेक वेळी कोनतरी आलंय."

मी म्हणालो, "चहा घेऊ या का?" आम्ही चहा घेतला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग त्यांना सांगितलंत का, हाक मारा म्हणून?" मी नव्हतं सांगितलं. तसाच परत गेलो आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. अण्णा माझ्याकडे न बघता "बरं" म्हणाले.

नंतरच्या रविवारी, जेवणं झाल्यावर, मी मुलींबरोबर पत्ते खेळत होतो. बाहेर लख्ख ऊन होतं. वरच्या मजल्यावरून आवाज आला.

"मास्तर."

बावीस वर्षं आम्ही शेजारी आहोत. ही त्यांची मला पहिली हाक. मी पत्ते तसेच टाकले आणि अनवाणीच जिना चढलो. दार उघडं होतं. अण्णा खाटेवर बसले होते, हात मांडीवर. घरात सगळं जागच्या जागी होतं.

"काय झालं, अण्णा?"

"काय न्हाय," ते म्हणाले. जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भ्या वाटलं."

मी त्यांच्याजवळ खाटेवर बसलो आणि त्यांचा हात हातात घेतला.